कोर्टाबाहेरचा जोडीदार

बॅडमिंटनचा दुहेरी सामना चौघांचा म्हणतात. पण कोर्टाच्या कडेला खुर्चीवर बसलेला प्रशिक्षकही त्यात गुंतलेला असतो. फूल हवेत असेतो त्याने मौन पाळावयाचे, असा नियम आहे. ज्याने स्वतः अजिंक्यपदे मिळविली, त्याला हे मौन अवघडच. डेन्मार्कचे मथायस बो यांनी ते काही वर्षे भारतीय जोडीसाठी पाळले.

दिल्लीचे दुहेरीशी नाते जुने आहे. 1982 च्या आशियाई खेळांत येथेच प्रदीप गंधे आणि लेरॉय डिसा यांनी कांस्यपदक मिळविले. पुढे मात्र आपले लक्ष एकेरीच्या वीरांकडेच राहिले. 2014 साली सिरी फोर्टच्या संकुलात इंडिया ओपनची दुहेरी जिंकली, ती बो आणि कार्स्टन मोगेन्सन या डेन्मार्कच्या जोडीने. याच जोडीने 2011 व 2015 साली ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली; 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मात्र सुवर्णपदक हुकून रौप्य हाती आले.

2020 मध्ये बो निवृत्त झाले आणि पुढल्याच वर्षी सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी व मुंबईचा चिराग शेट्टी यांचे प्रशिक्षक झाले. ही जोडी जमविली होती मलेशियाच्या तान किम हर यांनी. दोघेही उंच, दोघांचेही स्मॅश जबर. परंतु दुहेरीत पुष्कळसे गुण सर्व्हिस आणि तिच्यानंतरच्या चारपाच फटक्यांत ठरतात. तेथे बळापेक्षा जोडीदाराची जागा ओळखणे मोलाचे.

टोकियोत या जोडीने गटातील तीनपैकी दोन सामने जिंकले, पुढे सुवर्णपदक मिळविणाऱ्या जोडीलाही हरविले, तरी ती गटातच बाद झाली. मग दिवस पालटले. 2022 मध्ये भारताने थॉमस कप जिंकला. 2023 मध्ये आशियाई अजिंक्यपद, हांगझोच्या आशियाई खेळांत सुवर्ण, आणि जागतिक क्रमवारीत पहिला क्रमांक. गंधे–डिसांच्या कांस्यापासून या सुवर्णापर्यंत 41 वर्षे लोटली होती.

जानेवारी 2024 मध्ये इंडिया ओपनचा अंतिम सामना दिल्लीतील के. डी. जाधव सभागृहात झाला. गोळेश्वरच्या खाशाबांचे नाव मिरविणाऱ्या त्या वास्तूत पहिला गेम 21–15 असा जिंकूनही आपली जोडी कोरियन जोडीपुढे पराभूत झाली. 1 ऑगस्टला पॅरिस ऑलिंपिकच्या उपान्त्यपूर्व फेरीत तेच घडले: पहिला गेम 21–13 असा जिंकला, नंतरचे दोन मलेशियाच्या जोडीने घेतले. लंडनला स्वतःच्या हातून निसटलेले सुवर्ण शिष्यांच्याही हाती आले नाही. बो यांनी त्यानंतर प्रशिक्षणाचा निरोप घेतला.

पदकांच्या यादीत प्रशिक्षकाचे नाव नसते. तरी आज एखाद्या मुलाने एकेरीऐवजी दुहेरी निवडली, तर ती कमी प्रतीची वाट आहे, असे त्याला सहसा कोणी म्हणणार नाही. आपल्या देशात ही वाट रुळू लागली, यात बाजूच्या त्या खुर्चीचाही वाटा आहे.