४५ डिग्री, ३४ कुंड्या आणि दोन बादल्या

शाबूत आहात ना? मे महिन्यात नागपुरातून विचारतेय, म्हणजे चेष्टा नाही.

मागे घर्रर्र आवाज येत असेल तर तो कूलरचा आहे. बंद केला तर मला बोलता येणार नाही, चालू ठेवला तर तुम्हाला नीट ऐकू येणार नाही. शेवटी मधला स्पीड ठेवलाय. सांभाळून घ्या.

मागच्या भागात मी म्हटलं होतं की आमच्या गच्चीवरच्या टोळीबद्दल एकदा सांगेन. आज तेच. बिल्डिंगमधले आम्ही चौघं गच्चीवर बाग करतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, बँकेतून रिटायर झालेले एक काका, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक पोरगा, आणि मी. नागपुरात मे महिन्यात साडेपाचला सूर्य उगवतो, आणि सात वाजले की गच्ची नको होते. त्यामुळे आमची भेट पहाटे सव्वापाचला. कुणाच्या हातात चहा, कुणाच्या हातात बादली. या वर्षी तिथे ज्या गप्पा झाल्या त्या रेकॉर्ड करायला हव्या होत्या, पण त्या वेळी कुणाला सुचतंय.

आधी ऊन म्हणजे किती ऊन, ते सांगते. हवामान खात्याचा हिशोब असा आहे की मैदानी भागात पारा ४० च्या वर गेला आणि तो नेहमीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त असला, की उष्णतेची लाट. किंवा सरळ ४५ ला टेकला तरी लाट. ४७ ला तीव्र लाट. नागपूरनं २३ मे २०१३ ला ४७.९ बघितलंय. २०२४ च्या मेअखेरीस तर इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवलं होतं आणि सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर ते फिरलं. नंतर हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. आमचे काका अजूनही म्हणतात, "सेन्सर नव्हता बिघडला, घाबरला होता बिचारा."

पण गंमत अशी की हे सगळे आकडे सावलीतले असतात. थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या पेटीत ठेवलेला असतो. आपली कुंडी काही पेटीत नसते. ती तापलेल्या स्लॅबवर उघड्या उन्हात असते. मी केक करते तेव्हा वापरायचा एक सुईवाला थर्मामीटर आहे माझ्याकडे. एका दुपारी तो काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मातीत खुपसला. ५१. मातीत! तिथे मुळं राहतात. त्या दिवशी बातमीत ४४ होते.

आता मुद्द्यावर येते. माझ्याकडे ३४ कुंड्या. त्यातली ३३ झाडं नर्सरीतून परत आणता येतील. एक नाही येणार. तो मोगरा आजीच्या घरचा आहे, वर्ध्याजवळच्या गावातला. दोन वर्षांपूर्वी मी त्याची फांदी आणून लावली होती, सहज. मग आजी गेली, घर विकलं, नवीन मालकानं अंगण साफ करून पार्किंग केलं. म्हणजे मूळ झाड आता नाही. माझ्या कुंडीत आहे तेवढंच. हे मी टोळीत कुणाला बोलले नव्हते. उगाच रडारड नको म्हणून.

एप्रिलच्या शेवटी तो मोगरा दुपारी मान टाकायला लागला. वर्क फ्रॉम होम असल्यामुळे मी दर दोन तासांनी वर जायचे. पानं लोंबलेली दिसली की पाणी. दुपारी दोनला पाणी, पाचला पाणी, रात्री जेवण झाल्यावर पुन्हा एक तांब्या. तरी पानं पिवळी. मग आणखी पाणी. मला वाटलं ऊनच त्याला मारतंय.

आणि नेमकं तेव्हा सोसायटीचं बोअर आटलं. टँकर सुरू झाले. मीटिंगमध्ये ठरलं की गच्चीच्या नळाला कुलूप, बाग करणाऱ्या प्रत्येकाला दिवसाला दोन बादल्या, बास. मी भांडले. चांगलीच भांडले. एक जण म्हणाले, "झाडं हा तुमचा शौक आहे, पाणी सगळ्यांचं आहे." तेव्हा फार लागलं मला ते. पण चौथ्या मजल्यावर तीन महिन्यांचं बाळ आहे आणि त्यांच्या नळाला दोन दिवस थेंब नव्हता, हेही त्याच मीटिंगमध्ये कळलं. मग मी गप्प बसले.

दोन बादल्या म्हणजे तीस लिटर. ३४ कुंड्या. करा भागाकार.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गप्पांचा विषय एकच: कुणाला सोडायचं? ऐकायला क्रूर वाटतं, पण बसून यादी केली आम्ही. पोऱ्यानं फेब्रुवारीत बियांपासून टोमॅटो वाढवले होते. सहा झाडं, कमरेएवढी. फुलं यायची, गळायची, यायची, गळायची. तो रोज ब्रशनं परागीकरण करायचा, यूट्यूब बघून. काका त्याला म्हणाले, "बाप्पा, पस्तीसच्या वर गेलं की टोमॅटोचं फळ धरत नाही. पराग काम करत नाही उन्हात. आणि आपल्याकडं तर रात्रही तापून राहिली. तू काहून जीव लावून राहिला?" पोरगा काही बोलला नाही. त्या दिवशी खाली निघून गेला. पण दोन दिवसांनी बघतो तर त्यानं सहाही झाडं स्वतः कापली होती, आणि त्यांचा पाला बारीक करून आमच्या सगळ्यांच्या कुंड्यांत मातीवर पसरला होता. रोग नव्हता म्हणून चाललं ते. माझ्या मोगऱ्यावर सगळ्यात जाड थर होता. का, ते मी विचारलं नाही.

हा पाल्याचा थर फार कामाचा आहे बरं का. वाळलेली पानं, नारळाच्या शेंड्या, उसाचं पाचट, जे मिळेल ते दोन-तीन बोटं जाड. माती थेट तापत नाही, पाणी लवकर उडत नाही. फक्त खोडाला चिकटवू नका. मी हुशारी करून कूलरची जुनी खस पसरली होती, काकूंनी ती लगेच काढायला लावली. वर्षभर बोअरचं पाणी पिऊन ती क्षारांनी पांढरीफटक झालेली असते, ते सगळं मातीत उतरतं.

त्याच दिवशी काकू मोगऱ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "बोट घाल आत."

मी वरवर लावलं. "वरून नाही गं पोरी, पार आत. दोन पेरं."

घातलं. चिखल होता. बोट बाहेर काढलं तर सडका वास. खालच्या ताटलीत पाणी साचलेलं, आणि ते पाणी गरम. काकू म्हणाल्या, "काहून एवढं पाणी टाकून राहिली होतीस तू याला? मोगरा उन्हाळ्यातच फुलते ना. त्याला उन्हानं काही झालं नाही. तू बुडवलं त्याला."

मला तिथंच रडू आलं, आणि मग आजीचं सगळं सांगून झालं. काकूंनी ऐकलं, आणि कुंडी आडवी करून तळाची भोकं सळईनं मोकळी करायला बसल्या. समजूत वगैरे घालणाऱ्यातल्या नाहीत त्या.

हे जरा नीट सांगते, कारण माझ्यासारखं करणारे तुमच्यातही बरेच असणार. पानांना खालच्या बाजूला बारीक छिद्रं असतात. त्यातून पाणी वाफ होऊन जातं आणि झाड गार राहतं. भर दुपारी मुळं जेवढं पाणी ओढतात त्यापेक्षा जास्त वर उडतं, म्हणून पानं लोंबतात. माती ओली असली तरी लोंबतात. संध्याकाळी ऊन उतरलं की ती आपोआप उभी राहतात. म्हणजे दुपारी दोनचं लोंबलेलं पान बघून काहीच कळत नाही. पहाटे बघायचं. पहाटेसुद्धा मान खाली असेल आणि माती कोरडी असेल, तर तहान. माती ओली असेल तर मुळं गुदमरलीत, कारण मुळांनाही हवा लागते आणि सतत ओल्या मातीत ती मिळत नाही. मग कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत, पानं आणखी लोंबतात, आणि आपण आणखी पाणी टाकतो. माझं हेच चाललं होतं.

आणखी एक, जे मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. संध्याकाळी पाणी घालणं चांगलं असं आपण ऐकतो. पण गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी संध्याकाळी किती गरम असतं, हात घालून बघा! पाइपमध्ये पडून राहिलेलं तर पोळतं. तेच पाणी रात्रभर निवतं. म्हणून आमचं सगळं पाणी पहाटे. संध्याकाळी कुणाला द्यायचंच असेल तर घरातल्या माठाशेजारी भरून ठेवलेल्या बादलीतलं.

मोगऱ्याचं काय केलं? ताटली काढली. कुंडी दोन विटांवर ठेवली, म्हणजे तळाला स्लॅबचा चटका नाही आणि खालून हवा. टाकीच्या आडोशाला पूर्वेकडे सरकवली, दहापर्यंतचं ऊन मिळेल आणि मग सावली. आणि तीन दिवस पाणी शून्य. ४५ डिग्रीत, मंडळी! ते तीन दिवस मी काय काढलेत मला माहीत. खत नाही, छाटणी नाही, कुंडी बदलणं नाही. खत घालून त्याला जोर येईल असं मला वाटत होतं, काका म्हणाले आजारी माणसाला पुरणपोळी देतात का.

बाकीच्या कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या, मोठ्या बाहेरच्या बाजूला, छोट्या मध्ये. काळ्या कुंड्यांना गोणपाट गुंडाळलं. नर्सरीची हिरवी जाळी पन्नास टक्क्यांची आणली. ती आधी आम्ही थेट झाडांवर अंथरली होती, तर खाली भट्टी झाली. वर दोन-तीन फूट मोकळी जागा सोडून बांधल्यावर फरक पडला. जाळी कमी पडली तिथे काकांचं जुनं पांढरं धोतर बांधलं. ते वाऱ्यावर फडफडतं आणि समोरच्या बिल्डिंगमधली पोरं हसतात. हसू द्या.

पाण्याची जुळवाजुळव वेगळीच. डाळ-तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी चालतं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी तर छान, त्यात क्षार जवळपास नसतात. दुसऱ्या मजल्यावरचे लोक बाटली भरून आणून देतात आता. आरओमधून बाहेर पडणारं पाणी मात्र खारट, ते लादी पुसायला. कूलरच्या टाकीतलं तळाचं पाणीही नको. आणि काकूंनी वांग्याच्या मोठ्या कुंडीत एक छोटं मातीचं गाडगं गळ्यापर्यंत पुरलंय, वर झाकण. त्यात पाणी भरलं की ते मातीतून हळूहळू पाझरतं. त्या कुंडीला त्या दिवसाआड पाणी घालतात. आमचं रोज.

आता एक गोष्ट हसत सांगता येणार नाही. जाळी बांधायच्या दिवशी पोरगा एकटाच दुपारी एकला वर गेला, आम्हाला सरप्राइज द्यायला. काका टाकी बघायला गेले म्हणून दिसला. भिंतीला टेकून बसलेला, डोकं गरगरतंय, उलटीसारखं होतंय, अंग घामानं चिंब. खाली आणला, पंख्याखाली झोपवला, ओली फडकी, घोट घोट ओआरएस. डॉक्टर म्हणाले वेळेवर आणलंत. आणि हेही म्हणाले की माणूस असंबद्ध बोलायला लागला, शुद्ध हरपायला लागली, किंवा अंग तापून घाम थांबला, तर घरगुती काही करत बसू नका. १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत अंग गार करत राहायचं. तेव्हापासून गच्चीच्या दाराला काकूंनी आतून पाटी लावलीय: सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, झाड मेलं तरी वर जायचं नाही. खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्यात.

३४ पैकी माझ्या २२ कुंड्या उरल्यात. पुदिना गेला, दोन्ही शेवंत्या गेल्या, कोथिंबीर तर कधीच. मोगऱ्याची अर्धी पानं गळली. अकराव्या दिवशी एका फांदीच्या टोकाला तांबूस-हिरवं काहीतरी टोचल्यासारखं दिसलं. मला वाटलं किडा आहे. पान होतं. कळी नाही अजून, आणि नवतपा लागायचाय, २५ मेपासून नऊ दिवस, ते कसे जातात बघू.

तुमच्याकडे काय चाललंय ते व्हॉइस नोट पाठवून सांगा. कोकणातल्या लोकांनी दमट हवेचं सांगा, आमच्याकडे ती भानगड नाही. आणि गाडगं कुणी पुरलं असेल तर किती मोठ्या कुंडीला किती मोठं, हे नक्की सांगा, कारण काकू म्हणतात अंदाजानं घे आणि माझ्या अंदाजाचं काय होतं ते तुम्ही आत्ताच ऐकलंत. पाच वाजून दहा मिनिटं झालीत, वरून बादलीचा आवाज येतोय. जाते मी.