यवतचा धडा आणि तरुणांची संध्याकाळ



पुणे–सोलापूर रस्त्यावरील यवत हे दौंड तालुक्यातील ऊस पिकवणारे गाव. १ ऑगस्ट २०२५ रोजी एका तरुणाने परराज्यातील कथित घटनेविषयीचा मजकूर समाजमाध्यमावर टाकला. शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या विटंबनेमुळे गावात आधीच तणाव होता. पाहता पाहता जमाव रस्त्यावर आला, वाहने पेटली, मालमत्तेची नासधूस झाली. पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला.

हा केवळ कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न नव्हे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरलेल्या मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेपायी, जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. त्यानंतरच्या सात वर्षांत फोन घरोघरी पोहोचला. ऐकीव गोष्ट पारखून घेण्याची सवय मात्र पोहोचली नाही.

‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयाच्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. स्वतःचा फोन असण्यात मुली मुलग्यांच्या मागेच आहेत. म्हणजे बोटांना कसब आले, पण ते समान वाटले गेले नाही आणि त्याला विवेकाची जोडही मिळाली नाही.

दोष एकट्या तरुणांचा मानणे अन्यायाचे होईल. माणसाचे लक्ष हाच या कंपन्यांचा विक्रीचा माल आहे, आणि संतापलेला माणूस पडद्याला अधिक काळ खिळून राहतो. नफा कंपनीचा, जळालेले दुकान गावाचे आणि पोलीस ठाण्यातील नोंद कष्टकऱ्याच्या पोराच्या नावावर, असा हा हिशेब आहे.

यावर बंदी हे उत्तर नव्हे. गावाने एकत्र बसून घेतलेला निर्णय हे उत्तर असू शकते. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून सायंकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास दूरदर्शन संच व मोबाईल बाजूला ठेवून मुले अभ्यासाला बसू लागली.

१९४१ साली उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांनी तरुणांची संध्याकाळ खेळाने, गाण्याने आणि चर्चेने भरली होती. ती जागा रिकामी राहिली म्हणूनच तेथे पडदा आला. तेव्हा प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावच्या वाचनालयात आठवड्यातून एक संध्याकाळ तरुणांसाठी राखावी, मुलींना तेथे बरोबरीचे स्थान द्यावे, आणि हाती आलेला मजकूर पुढे धाडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी: हे कोणी सांगितले, ते केव्हाचे आहे, आणि यातून कोणाचा लाभ होतो? दंगल पेटल्यावर शांतता फेरी काढण्यापेक्षा हे काम अवघड आहे; म्हणूनच ते समाजवाद्यांनी हाती घेतले पाहिजे.