पेट्रोलचा काटा : अस्सल आणि बनावट



आजच्या विषयाची पाटी दारावर वाचून काही मंडळी बुचकळ्यात पडली असतील. कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला की बोनस, महागाईभत्ता, संप यांवर बोलायचा. आणि हा गृहस्थ इंग्लंडातल्या एका जुन्या शौकीन मोटारीचा पेट्रोलचा काटा घेऊन बसला! पण कारखान्यातून बाहेर पडलेल्या मालावर कामगाराच्या हाताची खूण असते, आणि ती खूण खरी की खोटी हे पारखणे मला माझ्याच कामाचा भाग वाटते. शिवाय यात पैशाचाही प्रश्न आहे. जुन्या मोटारींच्या बाजारात 'अस्सल' या एका शब्दाला मोठी किंमत पडते. आणि जेथे किंमत तेथे लबाडी ठरलेली.

मी जी मोटार घेतो ती एम.जी.बी. मॉरिस गॅरेजेस या नावाची ही दोन आद्याक्षरे. ऑक्सफर्डच्या एका गॅरेजात या व्यवसायाचा उगम झाला, १९२९ मध्ये तो जवळच्या अ‍ॅबिंग्डन गावी गेला, आणि तेथेच १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एम.जी.बी. तयार झाल्या. श्रीमंताची गाडी ही नव्हे. बेताच्या मिळकतीच्या तरुणाला परवडेल अशी उघडी, ठेंगणी, पळणारी गाडी.

तिच्या डॅशबोर्डवरचे काटे मात्र अ‍ॅबिंग्डनचे नव्हेत. ते स्मिथ्स या कंपनीचे. लंडनच्या वायव्येस क्रिकलवुड येथे या कंपनीचा मोठा कारखाना होता. सुरुवातीच्या गाड्यांच्या तबकडीवर 'येगर' असे नाव दिसते, आणि नवखा गिऱ्हाईक तेथेच फसतो : त्याला वाटते, हा काटा परदेशी, कोणीतरी मागाहून बसवलेला. नाव मूळचे पॅरिसचे खरे. पण इंग्लंडात येगर छापाची ही यंत्रे स्मिथ्सच बनवीत असे. तेव्हा नावावरून कोणालाही खोटे ठरवू नये.

आता मुख्य गोष्ट. एम.जी.बी.त पेट्रोलचे काटे दोन जातींचे आले, आणि बाहेरून ते सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. पहिल्या जातीत दोन तारांची वेटोळी असतात आणि त्यांच्यामध्ये लोखंडाचा एक तुकडा फिरतो. टाकीत तरंगा असतो. पेट्रोल वर-खाली झाले की तो विजेचा अडथळा कमी-जास्त करतो, आणि ज्या वेटोळ्याची ओढ अधिक तिकडे लोखंड वळते. हा काटा भारी चपळ. किल्ली फिरवताच टुणकन उडतो, आणि वळणावर टाकीतले पेट्रोल हेलकावले की हाही हेलकावतो.

दुसरी जात १९६४ च्या सुमारास आली. त्याच वर्षी या गाडीला पाच बेअरिंगांचे इंजिन मिळाले. या काट्यात दोन धातूंची एकत्र जोडलेली पट्टी असते. तिच्याभोवतीची तार तापली की पट्टी वाकते आणि काट्याला ढकलते. तापायला वेळ लागतो, म्हणून काटा किल्ली फिरवल्यावर सावकाश, काही सेकंद घेत, वर चढतो. वळणावर तो डगमगत नाही. मात्र विजेचा दाब बदलला की याचे मापही बदलेल, म्हणून त्याला सुमारे १० व्होल्ट स्थिर दाब पुरवणारा एक लहानसा स्टॅबिलायझर वेगळा जोडावा लागतो. या स्टॅबिलायझरची अर्थ सुटली की काटा खुशाल जास्त पेट्रोल दाखवतो, आणि बिचाऱ्या काट्याला सदोष म्हणून कचऱ्यात टाकले जाते. अशा रीतीने किती अस्सल काटे निष्कारण गेले असतील!

तर मंडळी, ओळखायचे कसे? तबकडीकडे सगळ्यांत शेवटी पाहा. आधी पाठ पाहा. पहिल्या जातीच्या पाठीवर दोन टोकांना 'बी' आणि 'टी' अशी अक्षरे असतात : एक बॅटरीचे, एक टाकीचे; तारा अदलाबदल करून चालत नाही, आणि डबीला अर्थ लागते. दुसऱ्या जातीत दोन्ही टोके सारखीच, कोणतीही तार कोठेही लावा. मग तबकडीच्या तळाशी भिंगाने पाहा. तेथे बारीक अक्षरांत स्मिथ्सचा क्रमांक असतो. फिरत्या लोखंडाच्या काट्यांवर तो पुष्कळदा 'एफ.जी.' ने सुरू होतो, पट्टीच्या काट्यांवर 'बी.एफ.' ने. तबकडीवर बी.एफ. आणि पाठीवर बी-टी, असे दिसले तर एकाचे तोंड दुसऱ्याच्या धडावर बसवले आहे असे बेलाशक समजावे.

याहून पक्की परीक्षा काटा स्वतःच देतो. किल्ली चालू ठेवून टाकीकडून येणारी तार काट्याच्या पाठीवरून काढा. पहिल्या जातीचा काटा 'भरलेली' दाखवील, दुसऱ्या जातीचा 'रिकामी' कडेच राहील. तेच टोक क्षणभर अर्थला लावा : पहिला रिकाम्याकडे पडेल, दुसरा भरलेल्याकडे चढू लागेल. क्षणभरच म्हणतो, कारण दुसऱ्या जातीतली नाजूक तार फार वेळ पूर्ण वीज सोसत नाही. आणि हे सारे डॅशबोर्डापाशी करावे. टाकीपाशी ठिणगी पाडण्याचे धाडस कोणी करू नये.

यातून एक गंमत निघते. पहिल्या जातीचा काटा आणि दुसऱ्या जातीचा तरंगा अशी जोडी कोणी जुळवली तर काटा उलटा चालतो : टाकी रिती होत जाईल तसा हा भरत जातो. गाडी रस्त्यात मरेल त्या वेळी काटा सांगत असेल की टाकी काठोकाठ भरली आहे! कारखान्याचे ताळेबंदही मी असे चालताना पाहिले आहेत. असो.

आता तबकडी. नव्याने छापलेल्या तबकडीचा पांढरा रंग फार पांढरा असतो. जुना पांढरा साईसारखा पिवळसर होतो. अक्षरे चिकटवलेली असतील तर भिंगाखाली त्यांच्याभोवती पारदर्शक कातडीची कड दिसते. तबकडी कोरी आणि काट्याची सुई विटलेली, किंवा उलट, तर एक काहीतरी बदलले आहे. काचेभोवतीची कडी पाहा : ती फिरवून तिच्या जिभा डबीच्या खाचांत आल्या की निघते. जिभा वाकवल्याच्या, कडी सरकल्याच्या ओरखड्यांवरून डबी उघडली होती हे कळते. काही डब्यांवर महिना-वर्षाचा शिक्काही सापडतो. तो गाडीच्या वयाहून किंचित आधीचा असावा, नंतरचा नसावा.

येथे एक सावधगिरीची गोष्ट. एम.जी.बी.ची तबकडी साधी, काळ्यावर पांढरी; पण त्याहून जुन्या, रात्री चमकणाऱ्या तबकड्या कोणाच्या हाती आल्या तर त्या खरवडू नका. पुष्कळ जुन्या तबकड्यांवर रेडियमचा रंग असे. अमेरिकेत न्यू जर्सीच्या ऑरेंज गावी तो रंग भरणाऱ्या मुलींना कुंचल्याचे टोक ओठांनी टोकदार करावयास शिकवले होते. त्यांची हाडे सडली. त्यांतल्या पाच जणींचा खटला १९२८ साली तडजोडीने मिटला, तोवर पुष्कळ उशीर झाला होता.  रंग मंद होतो, रेडियम जागेच राहते.

मग डबी उघडलेली दिसली म्हणजे काटा खोटा काय? माझे मत तसे नाही. क्रिकलवुडच्या हातांनी केलेला काटा नंतर दुसऱ्या एखाद्या कारागिराने उघडला, तुटलेली तार जोडली, पुन्हा बंद केला, तर तो अस्सलच राहिला; त्याच्यावर आणखी एका हाताचे काम चढले इतकेच. उलट १९६३ च्या गाडीत कोऱ्या करकरीत डब्यातून काढलेला १९७० चा काटा बसवून 'सगळे मूळचे' म्हणून विकणे याला मी चोरी म्हणतो, काटा कितीही खरा स्मिथ्सचा असो. अमेरिकेत गेलेल्या गाड्यांची तर निराळीच कथा. १९६८ च्या नमुन्यापासून तिकडे सुरक्षिततेच्या नियमांमुळे जाड गादीसारखा डॅशबोर्ड बसू लागला; लोक त्याला 'अ‍ॅबिंग्डनची उशी' म्हणत. अशी गाडी इंग्लंडात परत आली की पुष्कळदा उशी काढून इंग्रजी डॅशबोर्ड लावतात. त्यात काही वाईट नाही, सांगून केले तर.

१९७९ च्या सप्टेंबरात अ‍ॅबिंग्डन बंद करणार असे जाहीर झाले आणि पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात ते बंद पडले. तेव्हा आता तेथून नवे काम काही येणार नाही. आहे तेवढेच आहे. म्हणून माझी एक विनंती, ती दुरुस्ती करणाऱ्यांना. जुनी तबकडी बदलावीच लागली तर ती फेकू नका, पाकिटात घालून मालकाला परत द्या. आणि डबी बंद करण्यापूर्वी एक लहानशी चिठ्ठी आत ठेवा : काय बदलले, कोणत्या साली, कोणाच्या हाताने. काटा पुन्हा उघडणाऱ्याला ती वाचता यावी, म्हणून शिसपेन्सिलीने लिहा, शाई उडते.