फुटपाथची कड आणि आपल्या गाडीचं चाक

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात आपल्या सोसायटीतील एका सभासदाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



रौप्यमहोत्सवात टायरवर भाषण कशाला, असं दोघा-तिघांनी मला विचारलं. कारण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. गेल्या सर्वसाधारण सभेत सर्वांत जास्त वेळ लिफ्टवर गेला नाही, पाण्याच्या टाकीवर गेला नाही. तो गेला बागेभोवतीच्या सिमेंटच्या नव्या कडेवर. "कड काढा, अलॉय व्हीलला ओरखडे पडतात" असं काही गाडीवाल्यांचं म्हणणं. "कड आहे म्हणून गाड्या आमच्या अंगावर येत नाहीत" असं संध्याकाळी तिथं फेऱ्या मारणाऱ्या आजी-आजोबांचं. सेक्रेटरी मला म्हणाले, तुम्ही बत्तीस वर्षं टायर आणि अलाइनमेंटच्या दुकानात काढलीत, तुम्हीच काय ते सांगा. तर माझं मत आधीच सांगतो: कड राहिली पाहिजे. चाकं वाचवता येतात.

ओरखड्याचं दुःख मी समजू शकतो, पण खरी काळजी ओरखड्याची नाही. टायरचा जो भाग रस्त्यावर टेकतो त्याच्या आत पोलादी तारांचे पट्टे असतात. बाजूच्या भिंतीत ते नसतात. तिथं रबराच्या आत दोऱ्यांचा पातळ थर असतो. कडेवर चाक तिरकं चढलं की ही भिंत कड आणि रिम यांच्यामध्ये चिमटली जाते आणि आतले दोरे तुटतात. बाहेरून काही दिसत नाही. मग काही दिवसांनी तिथं फुगा येतो, बोराएवढा, कधी लिंबाएवढा. हा फुगा दुरुस्त होत नाही, त्याला पॅच लागत नाही. तो टायर बदलायचा, बस्स. "गावात चालवायला ठीक आहे" असं म्हणणारी माणसं मी खूप पाहिली. तीच माणसं पुढच्या शनिवारी त्याच टायरवर एक्सप्रेस वेवर जातात.

आता टायरवरचे आकडे बघा. १९५/५५ आर १६ असं लिहिलेलं असेल तर रुंदी १९५ मिलिमीटर आणि भिंतीची उंची त्याच्या ५५ टक्के, म्हणजे साधारण १०७ मिलिमीटर. १६५/८० असेल तर भिंत १३२ मिलिमीटर. मधला आकडा जितका लहान, तितकं रिम रस्त्याच्या आणि कडेच्या जवळ. मोठी चाकं दिसायला झोकदार, पण भिंत आखूड असेल तर मार थेट रिमवर. पोलादी रिम वाकते आणि बऱ्याचदा ठोकून सरळ करता येते. अलॉयला तडा जाऊ शकतो. तडा गेलेल्या रिमला वेल्डिंग करून घेण्याच्या भानगडीत कुणी पडू नये, हे मी दुकान बंद करूनही सांगत राहणार.

तुम्ही म्हणाल, कडा फार उंच असतात हो. काही असतातच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सोयींविषयीच्या मार्गदर्शिकेत कड १५० मिलिमीटरहून उंच नसावी असं आहे. आपली कड मी टेप लावून मोजली, १४० भरली. तेव्हा तक्रारीला तिथं जागा नाही.

गंमत अशी की आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे आणि फुटपाथ डावीकडे. म्हणजे जे चाक मार खातं तेच आपल्याला दिसत नाही. त्यात मागचं चाक पुढच्याच्या मागोमाग जात नाही, ते आतून कापतं. पुढचं चाक वाचलं म्हणून आपण निश्चिंत होतो आणि मागून "खर्रर्र" ऐकू येतं. म्हणून फुटपाथला लागून गाडी लावताना तोंड आत घालू नका, रिव्हर्सने लावा. डावा आरसा खाली झुकवा, इतका की मागचं चाक आणि कड दोन्ही दिसतील. कॅमेरा असला तरी हे करा. कॅमेरा मागचं दाखवतो, बाजूच्या चाकाचं नाही. चाक आणि कड यांत एक वीतभर अंतर राहू द्या. अंतर कमी वाटलं तर थांबा, पुढे घ्या, परत या. मागच्याने हॉर्न वाजवला तर वाजवू दे, टायरचे पैसे तो देणार नाहीये.

चढायचंच असेल तर चालण्याच्या वेगाने आणि शक्यतो काटकोनात; तिरकं नाही. अर्धी गाडी कडेवर ठेवून रात्रभर सोडू नका, सगळा भार टायरच्या एकाच तुकड्यावर येतो, शिवाय फुटपाथ अडतो तो वेगळाच. आणि हवा! हवा कमी असेल तर भिंत बाहेर फुगते आणि रिम लवकर टेकते. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत किती हवा ते लिहिलेलं असतं. महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना तपासा.

रिमला चिकटवायच्या रबरी पट्ट्यांबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. हलका ओरखडा त्या अडवतात, दणका अडवत नाहीत, आणि आपल्या पावसाळ्यात गोंद किती टिकतो यावर मी पैज लावणार नाही.

दणका बसलाच तर उतरून दोन्ही बाजूंनी टायरवर हात फिरवा, आतल्या बाजूनेसुद्धा. पुढच्या दोन-तीन दिवसांत गाडी एका बाजूला ओढते का, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहतं का, थरथरतं का, हवा कमी होते का, हे बघा. यांतलं काहीही असेल तर अलाइनमेंट आणि रिम दोन्ही दाखवा. अलाइनमेंट बिघडलेली गाडी टायर एका कडेने खाते, आणि कळेपर्यंत आतली बाजू गुळगुळीत झालेली असते.

सोसायटीकडून माझ्या दोन मागण्या. कडेची धार ग्राइंडरने गोल करून घ्या, आणि तिला काळे-पिवळे पट्टे मारा; संध्याकाळी राखाडी सिमेंट राखाडी ब्लॉकवर दिसतच नाही. खर्च एका अलॉयपेक्षा कमी येईल.

रविवारी सकाळी आठ वाजता मी स्टिल्टसमोर खडूने रेषा मारून पुठ्ठ्याचे खोके लावून ठेवतो. खोका चिरडला तरी चालेल. ज्यांना रिव्हर्सचा सराव करायचाय त्यांनी गाडी घेऊन या, नव्याने लायसन्स काढलेल्या मुलींनी तर नक्कीच. स्टेपनीतली हवाही तेव्हाच बघू, माझ्या अंदाजाने निम्म्यांची बसलेली असेल.