‘हलू नका!’



आपला दहावीचा ग्रुप फोटो आठवतो? फोटोग्राफर ‘हलू नका’ म्हणाले आणि आपण सगळे पुतळे झालो. त्यात एकही जण स्वतःसारखा दिसत नाही.

मी सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर लिहिते आणि शनिवार-रविवारी पैसे घेऊन कुत्र्यामांजरांचे फोटो काढते. त्यांना ‘हलू नका’ सांगून उपयोग नसतो. आधी कॅमेरा बाजूला ठेवून फरशीवर बसायचं, त्यांना हुंगू द्यायचं. फ्लॅश नको, खिडकीचा उजेड पुरे. कॅमेरा त्यांच्या नजरेच्या उंचीवर, फोकस डोळ्यांवर. मग वाट पाहायची.

वॉल्टर शँडोहा न्यूयॉर्कमध्ये मार्केटिंग शिकत होते. १९४९ साली बर्फात सापडलेलं मांजराचं पिल्लू त्यांनी घरी नेलं आणि पुढे मांजरांचे फोटो हाच त्यांचा व्यवसाय झाला. नोकरी सोडण्याचं धाडस मला अजून झालेलं नाही. पण हे काम सोडणंही आता जमणार नाही. त्याचं कारण सांगते.

एका आजोबांना त्यांच्या चौदा वर्षांच्या कुत्रीचा ऐटीत बसलेला फोटो हवा होता. ती उठेचना. त्यांच्या चपलेवर हनुवटी टेकून नुसती बघत राहिली. मी तोच फोटो काढला. आजोबा हिरमुसले. दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला, “ती गेली. तो चपलेवरचा फोटो मोठा करून द्या. ती अशीच होती.”

आज संध्याकाळी आपला ग्रुप फोटो मी काढणार आहे. खुशाल हला!