कादंबरीतील पायवाट



उभे राहून बोलण्याची मला सवय आहे. पण ती कारखान्याच्या फाटकासमोर, आणि विषय बोनसचा किंवा कंत्राटी कामगारांचा. माझे शालेय शिक्षण नववीतच आटोपले. पुढचे काय ते युनियनच्या कचेरीतील एका कपाटाने आणि रात्रीच्या एस. टी.ने शिकविले. तेव्हा आज टीकाकार म्हणून नव्हे, एक वाटसरू म्हणून बोलतो.

काही कादंबऱ्या आपण वाचत नाही, त्यांतून चालतो. मिटल्यावर पायांना धूळ लागल्यासारखे वाटते. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' अशी आहे. १९५५ साली ती पुस्तकरूपाने आली. औंध संस्थानातला एक पोरसवदा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, एवढीच कथा. शाळेत पोर नाही. माणसे मेंढरांमागे रानात. कारभाऱ्याने मनावर घेतल्याशिवाय पान हलत नाही. हे वाचताना मी मनाशी हसलो. नव्या वस्तीत युनियन काढायला गेलेल्या माणसाची हीच गत असते! तिथेही आधी कुणाच्या तरी ओट्यावर बसून चहा प्यावा लागतो, मग पावतीपुस्तक काढावे लागते.

वातावरण, वातावरण म्हणतात ते काय? नुसते वर्णन नव्हे. मास्तराला त्या वाडीत काम करायचे आहे, म्हणून तेथील ऊन, वारा, अंतर यांना अर्थ येतो. सहलीला गेलेल्याला माळ दिसतो. पोटासाठी गेलेल्याला तो तुडवावा लागतो. म्हणूनच शेवटी पाऊस दगा देतो, मेंढरे मरतात, माणसे वाडी सोडून जातात, तेव्हा आपल्यालाही घर मोडल्यासारखे होते.

आता माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. २०१३ सालच्या दुष्काळात आमच्या एका कारखान्यात वेतनवाढीचे आंदोलन चालू होते. ऐन वेळी माणदेशाकडचा एक कामगार गावी निघाला. म्हणाला, "अण्णा, जनावरं छावणीत बांधल्यात. म्हातारा एकटा हाय." मी भर सभेत त्याला फितूर म्हटले. तो खाली मान घालून निघून गेला.

त्या पावसाळ्यात 'बनगरवाडी' माझ्या हाती आली. शेवटची पाने वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. छावणी हा शब्द मी वर्तमानपत्रात रोज वाचत होतो. पण ओस पडत जाणारी वाडी मी त्या रात्री प्रथम पाहिली. रविवारी त्याच्या खोलीवर जाऊन माफी मागितली. त्याने चहा पाजला, बोलला काही नाही. पुढच्या मागणीपत्रात आम्ही दुष्काळी रजेचे कलम घातले. ते मान्य झाले नाही. ते अजून आमच्या यादीत आहे.

दुसऱ्या एका प्रवासाचा उल्लेख करतो. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ सालची. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, तीवर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, आणि त्यांतल्या हॅर्टावर जीव जडलेला एक मराठी तरुण. बनगरवाडीत निदान पायाखाली वाट आहे. इथे बोट पुढे सरकते, पण माणसाला उतरायला बंदर नाही. मुंबईला तो उतरतो, ती उतरू शकत नाही. एका कागदाअभावी माणूस माणसापासून तुटतो. ओळखपत्र नाही म्हणून फाटकाबाहेर उभा केलेला कंत्राटी मजूर मी रोज पाहतो. मला ती बोट परकी कशी वाटावी?

माझे सहकारी विचारतात, असल्या वाचनाने पगार वाढतो काय? नाही वाढत. कादंबरीने मेंढरू जगत नाही की बंदर उघडत नाही. पण ज्याच्या वतीने आपण बोलतो, तो कोणत्या वाटेने आपल्यापर्यंत आला हे ठाऊक नसेल, तर आपले बोलणे निव्वळ घोषणा ठरते. ती वाट चालायला रजा लागत नाही, तिकीट लागत नाही. दोन-चार रात्री पुरतात.

तेवढ्या रात्री आपणही काढाव्यात, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.