मोठं मूल घरी येतं तेव्हा

(आपल्या संस्थेच्या गणेशोत्सवात गेल्या वर्षी झालेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर आम्ही आजवर नाटकाचा पडदा ओढायला आणि आरतीचं तबक धरायला चढलो. भाषणाची ही पहिलीच वेळ. मजकूर आम्ही दोघांनी मिळून लिहिलाय आणि लेकीला दाखवूनच आणलाय. तिनं दोन गोष्टी गाळायला सांगितल्या, त्या गाळल्या. नाव घ्यायचं नाही म्हणाली, तेही घेणार नाही.

बडोद्याला दत्तक नवीन नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातले गोपाळराव १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतले आणि ते सयाजीराव झाले. तेव्हा वय बारा. त्यांचं शिक्षण राजवाड्यात आल्यावर सुरू झालं आणि पुढे त्यांनीच राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं व मोफत केलं. तेव्हा मोठं मूल परक्या घरात रुजत नाही, असं निदान आपण बडोदेकरांनी म्हणू नये. मात्र त्या वेळी गादीला वारस हवा होता. आजचा कायदा मुलाच्या बाजूनं विचार करतो. मुलाला घर हवंय, ते कोण देणार, हा त्याचा प्रश्न.

कबूल करतो, आम्हीही आधी बाळच मागत होतो. ‘कारा’च्या पोर्टलवर नोंदणी करायला बसलो तेव्हा आम्हा दोघांच्या वयांची बेरीज १०१ भरली. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ही बेरीज ८५च्या पुढे चालत नाही. आठ वर्षांपुढच्या मुलासाठी ११०पर्यंत चालते. म्हणजे मोठ्या मुलीकडे आम्ही वळलो ते मोठ्या मनानं नव्हे, वयानं.

घर पाहायला समाजसेविका आल्या. त्यांनी विचारलं, ‘‘मूल खोटं बोललं, वस्तू लपवल्या, तर काय कराल?’’ आम्ही म्हणालो, ‘‘प्रेमानं समजावू.’’ त्यांनी काही न बोलता लिहून घेतलं.

पाच वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमती लागते. ती अकरा वर्षांची होती. भेटीत तिनं गुजरातीत एकच विचारलं, घरात कुत्रं आहे का? नव्हतं. तरी ‘हो’ म्हणाली.

श्रावणात ती घरी आली. पहिले काही दिवस इतकी शहाण्यासारखी वागली की आम्ही नातेवाइकांना फोन करून कौतुक सांगत होतो. मग एक दिवस गादीखाली बुरशी आलेल्या पोळ्या सापडल्या. आम्ही रागावलो. प्रेमानं समजावणं वगैरे काही आठवलं नाही. पुढे समुपदेशक बाईंनी सांगितलं की उद्याच्या जेवणाची खात्री नसलेलं मूल साठवून ठेवतं, त्याला चोरी म्हणू नका. मग तिच्या खोलीत चिक्की आणि खाखऱ्यांचा डबा ठेवला. विचारायचं नाही, मोजायचं नाही, रिकामा होऊ द्यायचा नाही. पाचेक महिन्यांनी डबा भरलेलाच राहू लागला.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. त्या वर्षी विसर्जनाच्या वेळी तिनं स्वतःला खोलीत कोंडून घेतलं. रात्री म्हणाली, ‘‘दीड दिवसात परत पाठवायचं, तर आणता कशाला?’’ तेव्हा लक्षात आलं की तिनं आणलेली बॅग अजून भरलेलीच होती. रोजचे दोन जोड तेवढे बाहेर. ‘बाप्पा पाहुणा असतो, तू घरची आहेस,’ असं आम्ही सांगितलं. तिला ते पटलं नाही, आणि का पटावं?

दिवाळीत मोठं भांडण झालं. ‘‘तुम्ही माझे कुणी नाही’’ असं ती ओरडली. कलेक्टर कचेरीतून दत्तकाचा आदेश अजून यायचा होता. २०२२पासून हा आदेश कोर्टाऐवजी तिथून निघतो. त्या रात्री गच्चीत बसून आम्ही दोघं संस्थेला फोन करण्याचं बोललो. हे सांगताना आजही मान खाली जाते. सकाळी ती दाराशी बॅग घेऊन बसली होती. वेणी घातलेली, बूट घातलेले. तिनं सगळं ऐकलं होतं. ‘‘मी तयार आहे,’’ म्हणाली.

आम्ही तिची माफी मागितली. बॅग आत नेली, कपडे कपाटात लावले. संध्याकाळी तिनं निम्मे परत बॅगेत भरले. आम्ही भरू दिले. ती बॅग माळ्यावर जायला पावणेदोन वर्षं लागली. पुस्तकांना जागा हवी म्हणून तिनंच ती चढवली.

तिला तिची आई आठवते. सुरुवातीला तो विषय आम्ही टाळायचो. ती आमची चूक. आईच्या हातचं सेव-टमेटांचं शाक तिनं आम्हाला शिकवलं, आता दर रविवारी होतं. आम्हाला ती अजून काका-काकूच म्हणते. शाळेच्या फॉर्मवर मात्र स्वतःच्या अक्षरात आई-वडील म्हणून आमची नावं लिहिते.

आता तुमच्याकडे मागणं. ‘खरी आई कुठे?’, ‘कुणाची?’ हे तिला विचारू नका. आम्हाला ‘पुण्य केलंत’ म्हणू नका. तिच्या कानावर पडतं आणि तिला ओझं होतं. याच मंडळाच्या स्वयंपाकघरात एका मावशींनी काही न विचारता तिच्यापुढे उकड सरकवली आणि मोदक वळायला बसवलं. आमच्या शंभर समजुतींपेक्षा त्याचा उपयोग झाला.

ज्यांच्या मनात असेल त्यांनी नोंदणी पोर्टलवरच करावी, मध्यस्थ गाठू नये. एकटी स्त्रीही मुलगा किंवा मुलगी दत्तक घेऊ शकते. एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. दत्तकानंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाहणी होते. तिला घाबरू नका, आम्हाला तिचा आधारच झाला. काही मुलांचे आईवडील असतात, पण सांभाळू शकत नाहीत. अशांसाठी फॉस्टर केअर म्हणजे प्रतिपालन आहे. २०२४च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दोन वर्षांनंतर, मूल कायद्यानं मोकळं झालं असेल तर, त्याच घरात दत्तकही जाता येतं.

बाळांसाठी घरं रांगेत उभी आहेत. दहा-बारा वर्षांची मुलं वाट पाहत मोठी होतात आणि अठरा पूर्ण झाली की दत्तकाचं दार बंद होतं.

यंदा घरचा गणपती शाडूचा आणला. विसर्जन अंगणात, बादलीत. माती जास्वंदीच्या कुंडीत घालायची, असं तिनंच ठरवलंय. तुम्ही दर्शनाला या. मोदक तिच्या हातचे असतील, कळ्या जरा वाकड्या असतील.

गणपती बाप्पा मोरया!